टेस्टिंग टेबलाची सही

वडिलांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी सातवीत होते. कंपनी ठाण्यातलीच, वागळे इस्टेटमधली. टाळं लागल्यावरही सहा महिने ते रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे. तिथे तीस-चाळीस माणसं उभी असायची. बाराच्या सुमाराला सगळे फुटपाथवर बसून डबे खायचे आणि घरी परतायचे. एकदा मी विचारलं, "पप्पा, कंपनी बंद का पडली?"

"मॅनेजर खराब होता. सगळ्यांना माहीत होतं."

"मग कोणी बोललं का नाही?"

ते उठले आणि मोरीत तोंड धुवायला गेले. दोन मिनिटांच्या कामाला त्यांनी पंधरा मिनिटं लावली.

आम्ही खोपटला राहायचो, एसटी डेपोच्या मागे, एका खोलीत चौघं. पहाटे गाड्यांची इंजिनं तापवायला लागले की मांडणीवरची भांडी थरथरायची. वडील गेटवर जायचे थांबले आणि नुसते घरी बसायला लागले, तेव्हा आईने काम धरलं. चौथी शिकलेली, लग्न होऊन कोकणातून आलेली बाई. तोवर एकटी रेशनच्या दुकानापलीकडे गेलेली नव्हती. तिला एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला घेतलं. गॅसच्या शेगडीला बटणामागे पितळी व्हॉल्व्ह असतो ना, तो तिथे बनायचा. आठ तास पाण्यात हात. महिन्याभरात तिची बोटं चिरली. पिठात मीठ असलं की चरचरायचं, म्हणून भाकऱ्या माझ्याकडे आल्या. भूगोलाचं पुस्तक परातीला टेकवून मी पीठ मळायचे. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला शेवटपर्यंत पिठाचा वास होता.

त्या बोटांवर मी शिकले. डोंबिवलीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घराण्यांत मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी आजही कोणी न विचारता सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या डिग्र्या टांगलेल्या असतात त्यांना यात काय एवढं असं वाटेल, तर वाटू दे.

नोकरी लागली ती आईच्याच कारखान्यात, क्वालिटी सुपरवायझर म्हणून. पहिल्या दिवशी टेस्टिंगच्या टेबलाशी गेले तर बाळकुमची मावशी मोठ्याने बोलली, "उठा गो, उठा! मॅडम आल्या. आता आयशीने पन पोरीला सलाम ठोकायचा." ही मावशी तिथली सगळ्यात जुनी. सासरच्या शेतांवर टॉवर उभे राहिलेत, दारात दोन गाड्या आहेत, तरी ती कामाला यायची. का, विचारलं तर म्हणायची, "घरान बसून सुनांची तोंडं बघू कं?"

त्या टेबलावर आठ बायका होत्या. काम असं होतं: व्हॉल्व्ह क्लॅम्पमध्ये पकडायचा, नळीने हवा सोडायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. तेवढ्यात बुडबुडा आला तर माल बाद. नाही आला तर पुसून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपक्याचा रंग प्रत्येकीचा वेगळा. आईचा मोरपंखी, मावशीचा जांभळा, कोणाचा चंदेरी. नेलपॉलिश जिची तिने घरून आणायची. ही पद्धत कोणत्या कन्सल्टंटने सांगितलेली नव्हती, बायकांनीच पाडलेली. बाजारातून एखादा व्हॉल्व्ह परत आला की रंग बघून कळायचं कोणाच्या हातून गेला.

तसा परत आलेला माल मोठे मालक स्वतः टेबलावर घेऊन यायचे. चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर करवतीने त्याचे दोन तुकडे करायचे. आत पितळेला बारीक छिद्र आहे, की बटणाबरोबर फिरणारा आतला निमुळता कोन नीट घासलेला नाही, की टाकीवरच नजर चुकली, हे ज्या बाईचा रंग असेल तिनेच सांगायचं. ओरडा नाही, शिक्षा नाही. एकदा आईचा मोरपंखी ठिपका आलेला. ती रडवेली झाली तर म्हणाले, "बाई, तुम्ही रंग लावलात म्हणून तर सापडलं. रडताय कशाला? चहा घ्या."

मग मोठ्या मालकांना अर्धांगाचा झटका आला आणि केबिनमध्ये त्यांचे जावई येऊन बसले.

जावई चाळिशीचे, शर्ट कडक इस्त्रीचा, बोलणं गोड. पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो आणि खाली 'वी आर अ फॅमिली'. दुसऱ्या आठवड्यात टाकीवर कॅमेरा बसला. मावशी बोलली, "फ्यामिलीवर कॅमेरा लावतंय! ह्याच्या बायकोचा जीव किती घुसमटत असंल."

त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "आपली टेस्टिंग सिस्टिम काय आहे, समजवा." मी समजावलं. हौसेने समजावलं, खोटं कशाला बोलू. पदवीनंतर पहिल्यांदा कोणीतरी खुर्ची देऊन माझं ऐकत होतं. मी रंगांचा तक्ता काढून नेला, कोणता रंग कोणाचा ते नावानिशी. इंग्रजीतून सांगितलं की यामुळे प्रत्येक नग थेट माणसापर्यंत ट्रेस होतो. ते म्हणाले, "ब्रिलियंट!" मी हवेत तरंगत खाली आले.

सोमवारी गेटजवळ एक बोर्ड लागलेला होता. वर लिहिलं होतं, 'निष्काळजी कामगार'. खाली एका बाईचा फोटो, कॅमेऱ्यातून काढलेला, आणि शेजारी परत आलेला व्हॉल्व्ह चिकटपट्टीने चिकटवलेला. चंदेरी ठिपका असलेला. तीन वेळा फोटो लागला की घरी, असा नियम. ती बाई दिवसभर पदर तोंडावर घेऊन काम करत होती. माझा तक्ता बोर्डाच्या कोपऱ्यात लावलेला होता, माझ्याच अक्षरातला.

त्या रात्री भाकऱ्या आईने स्वतःच थापल्या. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "शिकलेल्या माणसाने कोणाला काय सांगायचं ते पण शिकायला पाहिजे."

त्यानंतर टाकीवर बझर आला, दर सहा सेकंदांनी वाजणारा. वीस आकडे मोजायला सहा सेकंद पुरत नाहीत. बझर वाजला की व्हॉल्व्ह बाहेर. स्टोअरमधून क्लॅम्पला लागणारे नवे रबरी वॉशर मिळणं बंद झालं, 'आधी जुने संपवा' म्हणून.

बायकांनी यावर आपला उपाय काढला. गुरुवारी टेबलाशी गेले तर आठही बाटल्या लाल. एकाच दुकानातून आणलेल्या, एकच लाल. मी मावशीकडे बघितलं. ती टाकीत बघत बोलली, "काय गो? बायकांनी लाल रंग लावायला मना हाय कं?"

बोर्ड रिकामा पडला. माल परत यायचा, पण ठिपका लाल, मग फोटो लावायचा कोणाचा? जावईबापू चिडून टेबलाभोवती फेऱ्या मारायचे आणि बायका एकमेकींना नखं दाखवायच्या. मीही हसले. मला वाटलं, आपण जिंकलो. माझ्या तक्त्याचं पाप धुतलं गेलं, असंही वाटलं. आणि इथेच आम्ही सगळ्या चुकलो. एकीला वाचवायला आम्ही सगळ्यांनी तोंडं झाकून घेतली आणि झाकलेल्या तोंडाने काम करायची सवय लागली.

दोनेक महिन्यांनी डोंबिवलीहून शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस आला. स्कूटरवरून, हातात कापडी पिशवी. जावई बाहेर गेलेले होते म्हणून वॉचमनने त्याला माझ्याकडे पाठवलं. त्याने पिशवी टेबलावर उपडी केली. सात व्हॉल्व्ह. सातांवर लाल ठिपका.

"मॅडम, पंधरा वर्षं तुमचाच माल लावतोय. गिऱ्हाइकाला सांगतो, हा घ्या, बघायला नको. आता हे बघा." त्याने एक उचलला. "हा ज्या घरातला आहे ना, त्या बाईचा हात भाजलाय, कोपरापर्यंत. बटण बंद होतं तरी मागून गॅस येत होता. नशीब, खिडकी उघडी होती."

बझर वाजत होता. मावशीने उठून त्याचा प्लगच काढला.

मी सातही व्हॉल्व्ह टाकीत बुडवले. सातांतून बुडबुडे आले, बारीक, दहा-बारा आकड्यांनंतर येणारे. मी विचारलं, "कोणाचे आहेत?" प्रश्न विचारला आणि माझंच मला कळलं की याला आता उत्तर नाही. आठ बायका, आठ क्लॅम्प, एकच लाल.

तेव्हा आई बोलली, "माझे असतील."

"आई, तुला कसं कळणार?"

"माझ्या क्लॅम्पचं रबर गेलंय. महिना झाला. क्लॅम्पातूनच बुडबुडे येतात, मग व्हॉल्व्हचा कोणता आणि रबराचा कोणता ते कळायला वेळ लागतो. बझर तेवढा वेळ देत नाही. मी रबराचेच समजून सोडत गेले." तिने ओले हात पदराला पुसले. "मोरपंखी असता तर पहिला नग परत आल्यावरच कळलं असतं. लाल होता म्हणून मी पण लपले."

चंदेरीवाली म्हणाली, "ताई, असं नका बोलू. आपण त्या बोर्डामुळे केलं ना?"

"बोर्ड त्याचा. भाजलेला हात आपला."

मला माझ्या आईचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता, पदवीच्या दिवशी तिला माझा वाटला असेल त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ बाटल्या आठ रंगांच्या होत्या. प्लग काढलेलाच होता. बायकांनी वीस आकडे मोजायला सुरुवात केली आणि या वेळी मनात नाही, मोठ्याने. आठ बायका एकत्र "एक, दोन, तीन" म्हणायला लागल्या की पॅकिंगपर्यंत ऐकू जायचं. वॉशर मावशीने घरून येताना हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले. "सुनेला सांगितलं, नळाला लावायचेत," ती बोलली.

जावई आले, ऐकलं, मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कल्याणच्या शेगडीवाल्याकडे, म्हणजे शेगड्या बनवणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकाकडे, जाणाऱ्या मोठ्या लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट ठेवलेलं होतं. खाली माझ्या सहीची जागा. हा लॉट बझरच्या दिवसांतला होता.

"सही करा. गाडी उभी आहे."

"हा लॉट परत टाकीत घालावा लागेल. सगळा."

"मॅडम, तुम्ही एम्प्लॉयी आहात. सही करायला मी दुसरा ग्रॅज्युएट आणू शकतो."

"आणा. त्याला आधी टाकीवर उभं करा, वीसपर्यंत मोजायला लावा, मग सही घ्या."

ते हसले. "तुमच्या आईंची नोकरी पण इथेच आहे ना? किती वर्षं राहिलीत त्यांची?"

घरात दोनच कमाया होत्या, माझी आणि तिची. भाऊ अजून शिकत होता. मी सर्टिफिकेट त्यांच्याकडे परत सरकवलं. "ती बाहेरच आहे," मी म्हटलं. "तिलाच विचारा, मुलीने सही करावी का." त्यांनी विचारलं नाही.

दुसरा ग्रॅज्युएट खरंच आला. कल्याणचा, इंजिनीअर, नुकतंच लग्न झालेला, हातात कोरी डायरी. त्याला टेबलाशी उभं केलं. मावशीने त्याला स्टूल दिलं, चहा दिला, लॉटमधले व्हॉल्व्ह एकेक करून त्याच्याच हातात दिले. अर्ध्या तासाने तो हळूच मला म्हणाला, "मॅडम, यात बुडबुडा दिसतोय. आणि यात पण." संध्याकाळी डायरी घेऊन गेला तो परत आलाच नाही. सही त्यानेही केली नाही. त्याचं मला आजही कौतुक आहे.

तिसऱ्या दिवशी जावयांनी स्वतः सही ठोकून गाडी पाठवली. त्याच दुपारी मी शेगडीवाल्याला पत्र लिहिलं. एका पानाचं, मराठीत. त्यात कोणाच्या तक्रारी नव्हत्या. लिहिलं की या लॉटची चाचणी मी केलेली नाही, सर्टिफिकेटवरची सही टेस्टिंग टेबलाची नाही, माल लावू नका, परत पाठवा. आणि लाल ठिपक्याचा आधी गेलेला मालही बघून घ्या, त्यातल्या गळतीला आम्हीही जबाबदार आहोत. खाली माझं नाव आणि बीएस्सी. आयुष्यात पहिल्यांदा ती अक्षरं कुठेतरी कामाला आली. पत्र पाठवायच्या आधी टेबलावर वाचून दाखवलं. 'आम्हीही जबाबदार' ऐकून दोघी-तिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आई म्हणाली, "राहू दे ते. ते काढलंस तर बाकीचं कोण खरं मानेल?" मग आठ जणींनी खाली आपापल्या रंगाचा ठिपका दिला.

मला घरी बसवलं. शिस्तभंग. बारा दिवस मी खोपटच्या खोलीत होते. वडील माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "भीती वाटते का?" मी हो म्हटलं. "आम्हाला पण वाटायची," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या कंपनीबद्दल तासभर बोलले. कोणती मशीन विकली गेली, कोणाला ठाऊक होतं, कोण कोणाची वाट बघत गप्प बसलं. चाळीस माणसं, प्रत्येकाला वाटायचं दुसरा बोलेल.

कारखान्यात टेबल चालूच होतं. संप नाही, घोषणा नाहीत. आई रोज संध्याकाळी येऊन सांगायची, आज किती तपासले, किती बाद. जावयांनी बझर पुन्हा लावला की कोणीतरी प्लग काढायचं. कॅमेऱ्यात दिसायचं कोण ते, कारण आता कोणी लपत नव्हतं. मग ते कोणाकोणाला काढणार? आठही जणींना काढलं तर टाकीवर उभं कोण राहणार, केबिनला तर व्हॉल्व्ह कुठून पकडायचा तेही माहीत नव्हतं.

तेराव्या दिवशी शेगडीवाले कल्याणहून स्वतः आले. त्यांनी लॉट त्यांच्याकडे टाकीत बुडवून बघितला होता. केबिनमध्ये गेले नाहीत, थेट टेबलाशी आले, दहा मिनिटं बायकांचं मोजणं ऐकत उभे राहिले आणि तिथूनच मोठ्या मालकांना फोन लावला. मालकांची जीभ अजून जड होती, फोन स्पीकरवर होता. शेगडीवाले म्हणाले, "माल घेईन, पण सही या टेबलाची पाहिजे. तुमच्या जावयाची नको." मग मालक तुटक तुटक बोलले, "मुलीला... बोलवा."

मला बोलावलं. मी गेले ती एका अटीवर: जे ठरेल ते लेटरहेडवर लिहून पाहिजे. चांगला मालक पुन्हा आजारी पडू शकतो, वाईट जावई पुन्हा येऊ शकतो, आणि मी काय कायमची बसणार आहे का तिथे? माणसाच्या चांगुलपणावर कारखाना टांगून ठेवायचा नसतो, हे मला त्या बारा दिवसांत कळलेलं. टेबलाच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जाणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर मालकांनी डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी, पण केली.

जावई गेले नाहीत. लोकांना वाटतं अशा गोष्टीत शेवटी वाईट माणूस निघून जातो. ते आणखी सव्वा वर्ष त्याच केबिनमध्ये होते, सूर्योदयाचे फोटो टाकत होते, मला कॉरिडॉरमध्ये बघून न बघितल्यासारखं करत होते. पुढे स्वतःचा दुसरा धंदा काढून गेले. त्या सव्वा वर्षात त्यांनी तीन वेळा न तपासलेला माल पाठवायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा गाडी गेटवरून परत वळली, कारण वॉचमनकडे लेटरहेडची झेरॉक्स होती.

डोंबिवलीच्या त्या हात भाजलेल्या बाईंकडे आम्ही दोघी गेलो होतो, आई आणि मी. आईने त्यांना सांगितलं, "व्हॉल्व्ह माझ्या हातून गेलेला." त्यांनी पाणी दिलं, चहा दिला नाही. बरोबरच केलं.

लाल ठिपक्याचा माल आम्ही दुकानादुकानातून गोळा केला. त्यातले चौदा व्हॉल्व्ह अजून सापडलेले नाहीत, आणि शोध थांबवलेला नाही. गेटवरचा बोर्ड उतरवला. टेबलावरच्या आठही बायकांच्या नोकऱ्या राहिल्या. कारखाना चालू आहे, आणि टेस्टिंग टेबलाच्या सहीशिवाय तिथून एकही व्हॉल्व्ह बाहेर पाठवायचा अधिकार आज कोणालाही नाही, मालकालासुद्धा नाही.